जुन्या घरात नवी दारं: ओळंबा कुठे पाळायचा आणि नजर कुठे

जुन्या घराच्या भिंती क्वचितच सरळ असतात. घर वर्षानुवर्षं बसत जातं, गिलाव्यावर गिलावा चढतो, लाकूड फुगतं आणि आक्रसतं. मग एक दिवस चौकटीला लेव्हल लावावी, तर बुडबुडा थेट एका टोकाला जाऊन बसतो. अशा भिंतीत नवं दार बसवायचं म्हणजे आधी एक गोष्ट ठरवावी लागते: सरळ काय ठेवायचं आणि घराच्या कलानं काय घ्यायचं.

माझं उत्तर ठरलेलं आहे. चौकट आणि झडप (दाराचं उघडमीट होणारं पान) ओळंब्याचं, म्हणजे अचूक उभ्या रेषेचं, ऐकतील. भोवतीच्या पट्ट्या, म्हणजे दाराभोवतीचं मोल्डिंग आणि भिंतीच्या तळाचं स्कर्टिंग, नजरेचं. दार ओळंब्यात नसेल तर ते आपोआप उघडतं, घासतं, कडी जागेवर लागत नाही. पट्टीचं उलट आहे. ती काटेकोर लेव्हलमध्ये बसवली आणि वर छत तिरपं उतरत असलं, तर बघणाऱ्याला पट्टीच वाकडी वाटते. ओळंबा आणि भिंत यांच्यातली तफावत कुठेतरी जिरवावी लागते. ती कुठे जिरवायची हे कळलं की बाकीचं काम म्हणजे मापं आणि धीर.

चौकट काढायची की नुसती झडप बदलायची

चौकटीच्या दोन्ही बाह्यांच्या (उभ्या बाजूंच्या) तळाशी, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. ओल आणि वाळवी बहुतेक वेळा खालूनच येते. टोक सहज आत गेलं किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर आतलं लाकूड गेलेलं आहे, वर रंग कितीही चांगला दिसो. फक्त तळच कुजला असेल तर तेवढाच तुकडा तिरका कापून नवा जोडता येतो. मात्र ओल कुठून येते ते आधी शोधा, नाहीतर नव्या तुकड्याचीही तीच गत होणार.

जुनी, जाड, भरीव लाकडाची चौकट धडधाकट असेल आणि ओळंब्यातून तीन-चार मिमीच सरकलेली असेल, तर मी ती काढणार नाही. ती उपटताना भिंतीचं जे नुकसान होतं ते भरण्यातच निम्मा वेळ जातो. झडप त्या चौकटीच्या आकाराला बेतून घेता येते. चौकटीसकट तयार मिळणारं दार घ्यायचं ते चौकट खरोखर गेलेली असेल तरच.

तोडफोड सुरू करण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, जुना रंग. पूर्वीच्या तेलरंगांत शिसं सर्रास वापरलं जायचं. असा रंग कोरडा घासू नका आणि आगीच्या झोतानं जाळू नका. धूळ आणि वाफ दोन्ही विषारी असतात, लहान मुलांसाठी तर फारच. तपासणीचा किट मिळत असेल तर वापरा, नसेल तर शिसं आहे असंच धरून चाला. पृष्ठभाग ओला करून खरवडा, नेहमीच्या कापडी मास्कऐवजी बारीक कण अडवणारा मास्क लावा आणि कचरा पिशवीत बांधून टाका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत आणि काही फरशांत ॲस्बेस्टॉसही असू शकतं. शंका आली तर त्याला हात न लावता जाणकाराला बोलवा.

दुसरी गोष्ट, वीज. दाराशेजारी बटणं असतात आणि त्यांच्या वायरी चौकटीला लागूनच उभ्या गेलेल्या असतात. ड्रिल लावण्याआधी त्या कुठून जातात ते बघा आणि त्या भागाचा पुरवठा बंद करा.

तिसरी, दाराच्या वरची तुळई. दाराची जागा आहे तेवढीच ठेवायची असेल तर फारशी चिंता नाही. पण रुंदी वाढवायची असेल, किंवा कोपऱ्यातून वर तिरकी भेग गेलेली दिसत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक वीटही काढू नका.

मापं घेताना

रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. उंची दोन्ही बाजूंना. भिंतीची जाडी किमान चार ठिकाणी, कारण जुन्या भिंतीत ती वर एक आणि खाली एक असते. दोन्ही कर्णही मोजा; ते सारखे नसतील तर जागा काटकोनात नाही. प्रत्येक वेळी सर्वांत लहान माप धरायचं. चौकटीच्या बाहेरच्या मापापेक्षा जागा दोन्ही बाजूंना सुमारे १०-१० मिमी मोकळी हवी, म्हणजे चौकट सरळ करायला पाचरी मारता येतात.

उंचीचं माप घेताना लोक हमखास एक गोष्ट विसरतात: जमीन. नूतनीकरणात जुन्या फरशीवर नवी फरशी किंवा लाकडी तक्ते येणार असतील तर जमीन वर येते. दाराची उंची तयार जमिनीपासून धरा, आज दिसते तिच्यापासून नाही. आणि झडप जिथून फिरणार त्या संपूर्ण वर्तुळखंडावर लांब पट्टी ठेवून बघा. चौकटीपाशी जमीन सपाट असली तरी हातभर आत ती आठ-दहा मिमी वर चढलेली असते. मग मिटलेलं दार छान दिसतं आणि अर्धं उघडलं की अडतं.

नवी झडप आणि पट्ट्या आणल्या की ज्या खोलीत लागणार तिथेच काही दिवस आडव्या, सपाट ठेवा. भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर त्यांना बाक येतो. ओला गिलावा असलेल्या खोलीत मात्र ठेवू नका. लाकूड तिथली ओल पितं आणि नंतर वाळताना आक्रसतं.

जुनी चौकट काढणं

पट्ट्या काढण्याआधी त्यांच्या आणि भिंतीच्या सांध्यावरून धारदार पातं ओढा. थरावर थर चढलेला रंग पट्टीला भिंतीशी चिकटवून ठेवतो आणि पट्टी ओढली की गिलाव्याचे पोपडे निघतात. पहार लावताना भिंतीशी पातळ फळीचा तुकडा धरा. चौकट सलग ओढू नका; एक बाही मधोमध करवतीनं कापा, दोन्ही तुकडे आतल्या बाजूला वळवून काढा, मग बाकीची आपोआप सैल होते. खिळे आणि जुने होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) भिंतीत राहिले तर कापून टाका. उपटायला गेलात तर विटा हलतात. जुन्या पट्टीचा एक चांगला तुकडा जपून ठेवा, पुढे नक्षी जुळवायला लागेल.

चौकट उभी करणं

इथे घाई करू नका. पुढची सगळी कामं या टप्प्यावर अवलंबून असतात.

चौकटीची भिंतीला टेकणारी पाठ आधीच प्रायमर किंवा लाकूडरक्षक द्रव लावून बंद करा. नंतर तिथे हात पोचत नाही. मग जमिनीवर दाराच्या रुंदीभर लेव्हल ठेवा. एक बाजू उंच असेल तर त्या बाजूची बाही तेवढी कमी करा, म्हणजे चौकटीची वरची आडवी पट्टी लेव्हलमध्ये येईल. वरच्या कोपऱ्यांत दोन बाह्यांमध्ये आतलं अंतर जेवढं आहे, नेमक्या तेवढ्याच लांबीची फळी खाली आणि मध्ये आडवी बसवा. ती काम संपेपर्यंत काढायची नाही.

सुरुवात बिजागरीच्या बाहीपासून. ही बाही दोन्ही दिशांनी ओळंब्यात हवी: डावी-उजवीकडे आणि खोलीच्या आत-बाहेर. भिंत आणि बाही यांच्यामध्ये पाचरी नेहमी जोडीनं, समोरासमोरून मारा. एकाच बाजूनं मारलेली पाचर बाहीला पीळ देते. प्रत्येक बिजागरीच्या मागे आणि कुलपाच्या मागे पाचरींची जोडी हवीच, कारण सगळा भार आणि धक्के तिथेच येतात. ही बाही पक्की झाली की वरची पट्टी, आणि कुलपाची बाही शेवटी.

आता पिळाची परीक्षा. चौकटीच्या दर्शनी बाजूला दोन दोऱ्या ताणून बांधा, एक डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या, दुसरी उलट. मध्यभागी त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. मध्ये फट दिसत असेल तर एखादा कोपरा पातळीतून बाहेर आहे, आणि तो फटीच्या साधारण दुप्पट बाहेर आहे. दोऱ्या एकमेकींना दाबत असतील तर वरची खाली घेऊन पुन्हा बघा. हा पीळ तसाच राहिला तर झडप वर चौकटीला टेकते आणि खाली बोटभर बाहेर राहते. मग कितीही रंधा मारा, उपयोग नाही.

पीळ येतो तो बहुधा दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंती वेगवेगळ्या दिशांना झुकलेल्या असल्यामुळे. चौकट भिंतीच्या तोंडाशी जुळवायचा मोह इथे सोडायचा. आठ मिमीचा पीळ असेल तर तो एका कोपऱ्यात न टाकता चारही कोपरे दोन-दोन मिमी आत-बाहेर सरकवून वाटून टाका. भिंत आणि चौकट यांच्यात जी पायरी पडेल ती पट्टीखाली झाकता येते.

ओळंबा, लेव्हल, कर्ण आणि दोऱ्या, चारही जमलं की चौकट पक्की करा. वीटकामात प्रत्येक बाहीला किमान तीन ठिकाणी होल्डफास्ट किंवा फ्रेम फास्टनर; लाकडी सांगाड्याच्या भिंतीत पाचरींमधून आरपार लांब स्क्रू. स्क्रू शेवटपर्यंत पिळण्याआधी लेव्हल पुन्हा लावा, कारण आवळताना बाही हमखास सरकते. उरलेल्या फटीत फोम भरायचा असेल तर कमी फुगणारा घ्या आणि थोडाथोडा भरा. साधा फोम फुगताना बाह्यांना आत ढकलतो. मधली आडवी फळी त्याचसाठी ठेवलेली असते.

झडप टांगणं

झडपेची रुंदी म्हणजे चौकटीच्या आतल्या खाचेतलं माप उणे ६ मिमी. दोन्ही बाजूंना ३-३ मिमीची फट. वरही ३ मिमी. खाली ६ ते १० मिमी, आणि न्हाणीघरासारख्या ठिकाणी हवा खेळायला थोडी जास्त. मोजत बसण्यापेक्षा ३ मिमी जाडीच्या प्लायच्या पट्ट्या कापून घ्या आणि त्या फटीत घालून झडप जागेवर उभी करा. जिथे पट्टी जात नाही तिथे पेन्सिलीनं खूण.

जुन्याच चौकटीत नवी झडप बसवत असाल तर ती आयताकृती असण्याचा आग्रह धरू नका. चौकटीची वरची पट्टी तिरकी असेल तर झडपेचा वरचा काठही तेवढाच तिरका कापायचा. फट सारखी दिसली की डोळ्याला कोन जाणवत नाही. फ्लश दार, म्हणजे सपाट पृष्ठभागाचं तयार दार, असेल तर किती कापता येईल ते आधी बघा. पोकळ दाराच्या कडेला भरीव लाकडाची अरुंद पट्टीच असते. ती संपली की आत पुठ्ठ्याची जाळी. कुलपासाठीचा भरीव ठोकळाही एकाच बाजूला असू शकतो, ती बाजू दारावर लिहिलेली असते.

कुलपाच्या बाजूच्या काठाला किंचित उतार द्या. ३५ ते ४० मिमी जाडीच्या झडपेला साधारण २ मिमी पुरतो. मिटताना आधी चौकटीत शिरणारा कोपरा त्यामुळे घासत नाही. भरीव लाकडाच्या झडपेचे वरचे-खालचे काठ रंधताना कोपऱ्यापासून आत या. आतून बाहेर रंधलं की उभ्या फळीचा कोपरा फुटतो.

आतल्या साध्या दाराला तीन बिजागऱ्या लावाव्यात, दोनवर भागवू नये. वरची झडपेच्या वरच्या काठापासून १५ ते १८ सेंमीवर, खालची तळापासून २२ ते २५ सेंमीवर, तिसरी मध्ये. झडप जड असेल तर मधली थोडी वर सरकवा. ओढ वरच्या बिजागरीवरच असते.

खाच पाडताना पेन्सिलीऐवजी धारदार चाकूनं रेषा मारा. चाकूच्या रेषेत पटाशीचं टोक नेमकं बसतं आणि काठ तुटत नाही. खोली बिजागरीच्या पात्याएवढीच. पातं लाकडाशी समतल बसलं पाहिजे. खाच खोल गेली तर दार मिटताना शेवटच्या दोन बोटांवर स्प्रिंगसारखं परत येतं. त्यावर उपाय सोपा आहे: पात्यामागे पुठ्ठ्याची पट्टी. खाच उथळ राहिली तर बिजागरीकडे मोठी फट पडते आणि कुलपाकडे झडप घासते.

आधी प्रत्येक पात्याला एकेकच स्क्रू लावून झडप टांगा, उघडमीट करून बघा, सगळं जमलं की बाकीचे. पितळी स्क्रू असतील तर आधी तेवढाच लोखंडी स्क्रू पिळून वाट करून घ्या आणि पितळी स्क्रूला साबण किंवा मेण लावा. नाहीतर डोकं तुटून हातात येतं. वरच्या बिजागरीतला एक स्क्रू ७५ मिमीचा लावा, जो चौकट ओलांडून भिंतीच्या सांगाड्यात किंवा स्क्रूसाठी भिंतीत ठोकलेल्या प्लगमध्ये जाईल.

टांगल्यावर थोडं इकडेतिकडे होणारच. झडप कुलपाच्या बाजूनं खाली बसून जमिनीला घासत असेल तर खालच्या बिजागरीमागे पातळ पुठ्ठा घाला, ती बाजू उचलली जाते. वरच्या भागात कुलपाच्या बाहीला घासत असेल तर वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा किंवा तिची खाच किंचित खोल करा. रंधा सगळ्यात शेवटी, कारण काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

चौकटीला कोरलेली खाच नसून वेगळी अडपट्टी (मिटलेलं दार जिला टेकतं ती पट्टी) असेल तर ती झडप आणि कुलूप बसवल्यावर, दार मिटून, झडपेला टेकवून लावा. मध्ये जाड कागदाएवढी जागा सोडा, रंगाचा थर येणार आहे. झडपेत थोडा बाक असला तरी अडपट्टी त्या बाकाला धरून गेली की दार सगळीकडे सारखं टेकतं. कुलपाची मूठ जमिनीपासून साधारण एक मीटरवर. घरातली बाकीची दारं शाबूत असतील तर त्यांच्याच उंचीला.

पट्ट्या: इथे लेव्हल बाजूला ठेवा

आता भिंत आणि चौकट यांच्यातल्या पायऱ्यांचा हिशोब. भिंत चौकटीपेक्षा दोन-तीन मिमी पुढे असेल तर पट्टीखाली लपणारा गिलावा तेवढा खरवडून काढा. चौकट खूप आत राहिली असेल तर तिच्या काठावर लाकडाची भरपट्टी लावा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला निमुळती, जशी तफावत असेल तशी. चौकटच पुढे आली असेल तर मोल्डिंगची पाठ मधून थोडी रंधून पोकळ करा, म्हणजे तिचे दोन्ही काठ टेकतील.

पट्टी चौकटीच्या काठाशी समतल बसवू नका. ५ मिमी मागे घ्या आणि ती रेघ आधीच सगळीकडे पेन्सिलीनं मारून ठेवा. समतल बसवलेल्या दोन काठांत अर्धा मिमीही फरक पडला तर तो ओरडतो. पाच मिमीच्या पायरीत एक मिमी इकडेतिकडे झाला तर कुणाला पत्ता लागत नाही.

कोपऱ्यातला सांधा ४५ अंशांत कापायची सवय जुन्या घरात दगा देते. कोपरा ९० अंशांचा असेल तरच ४५ जुळतात. खरा कोन असा काढा: पट्टीच्या रुंदीचे दोन टाकाऊ तुकडे घ्या, एक आडव्या रेघेला आणि दुसरा उभ्या रेघेला लावून कोपऱ्यात एकमेकांवर येऊ द्या. ते जिथे आतून छेदतात आणि जिथे बाहेरून छेदतात, ते दोन बिंदू जोडणारी रेषा म्हणजे तुमचा कापायचा कोन. तो ४४ निघो की ४६ पूर्णांक काही, त्याचं आकड्यात रूपांतरही करायची गरज नाही. तुकड्यावरच्या रेषेला करवत जुळवा. कापताना पाठीकडून एखादा अंश जास्त घ्या, म्हणजे दर्शनी काठ घट्ट मिळतील. सांध्याला गोंद लावा आणि कोपऱ्यात एक बारीक खिळा आडवा मारा.

पट्टी साधी, नक्षी नसलेली असेल तर मी तिरका सांधा करतच नाही. वरची आडवी पट्टी उभ्यांपेक्षा दोन-तीन मिमी जाड घ्यायची, दोन्हीकडे थोडी बाहेर काढायची आणि उभ्या पट्ट्या तिच्या खाली सरळ टेकवायच्या. लाकूड रुंदीत फुगतं-आक्रसतं, त्यामुळे तिरका सांधा कालांतरानं उघडतो; हा सांधा हलला तरी पायरीच्या सावलीत लपतो.

आणि छत. वरची पट्टी आणि छत यांच्यात वीतभर भिंत उरत असेल तर छताचा उतार जाणवत नाही. चार बोटंच उरत असतील तर ती निमुळती फट लगेच नजरेत भरते. अशा ठिकाणी पट्टी अरुंद घ्या, किंवा उलट, रुंद घेऊन छतापर्यंत भिडवा आणि वरचा काठ छताच्या रेषेला बेतून कापा. बेतायचं कसं? पट्टी जागेवर धरा, कंपासचं टोक छताला आणि पेन्सिल पट्टीला लावून कंपास न वळवता एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ओढत न्या. छताचे सगळे चढउतार पट्टीवर उतरतात. दार कोपऱ्याला चिकटून असेल तर उभी पट्टीही अशीच बाजूच्या भिंतीला बेतायची.

खिळे दोन ओळींत: आतल्या काठाला बारीक, चौकटीत, बाहेरच्या काठाला लांब, भिंतीत. भिंत खिळा धरत नसेल तर प्लग आणि स्क्रू, किंवा बांधकामाचा गोंद.

स्कर्टिंग दाराच्या पट्ट्या लागल्यावरच. ती येऊन उभ्या पट्टीला थडकते, म्हणून उभी पट्टी स्कर्टिंगपेक्षा जाड हवी. नसेल तर तळाशी जाड ठोकळा लावा आणि दोन्ही त्याला भिडवा. आतल्या कोपऱ्यात तिरके सांधे नकोत. एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्या आणि दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीच्या आकारात बारीक करवतीनं कोरून तिच्यावर बसवा. हा सांधा कोपरा कितीही वाकडा असला तरी मिळतो. जमीन वरखाली असेल तर खालचा काठ वर सांगितलेल्या कंपासच्या पद्धतीनं बेता.

रंगाआधी आणि नंतर

खिळ्यांच्या भोकांत लांबी (पुट्टी) भरून घासा. पट्टी आणि भिंतीमधल्या बारीक फटींत ॲक्रिलिक सीलंट भरा, सिलिकॉन नाही. सिलिकॉनवर रंग धरत नाही. फट तीन-चार मिमीपेक्षा मोठी असेल तर सीलंटनं झाकू नका, पट्टी पुन्हा बेता. झडप एकदा उतरवून तिचे वरचे आणि खालचे काठही रंगवा. रंगारी ते हमखास सोडतात आणि ओल तिथूनच शिरते. बिजागऱ्यांवर रंग नको.

दमट हवेचा पहिला हंगाम आला की एखादं दार घासू लागेल. लगेच रंधा घेऊ नका. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा. तरी घासत असेल तर काठावर खडू फिरवून दार दोन-तीनदा मिटा, चौकटीवर खूण उठेल तिथेच एखादा मिमी काढा आणि उघडं पडलेलं लाकूड त्याच दिवशी रंगवा. हवा कोरडी होईपर्यंत थांबलात तर बऱ्याचदा तेवढंही करावं लागत नाही.